झेली परटिणीची निरवानिरव

मी, झेली मोर्वां, लग्नानंतरचे नाव झेली लाकाझ, वय सत्तर, धंदा कपडे धुणे व इस्त्री करणे, राहणार सें-लोराँ, मारोनी नदीचा काठ, गयाना, आज माझ्या घरी, माझ्या टेबलाशी बसून, माझ्याच हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले आहे. डोक्याविषयी त्यांनी काही तक्रार केलेली नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, भरीस पाडलेले नाही की दारू पाजलेली नाही. याआधी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. ते मी चुलीत घातले आहे, तेव्हा कोणी शोधत बसू नये.

नोटरीसाहेब म्हणाले, "बाई, थोडक्यात लिहा." प्रयत्न करते. पण कोणाला काय दिले एवढेच लिहून भागत नाही, का दिले तेही लिहावे लागते. नाही तर ते लोक आपापल्या मनाने ठरवतात.

कलम पहिले : मी कोण

मी रूआँ शहरातली. बाप गिरणीत होता, आई मी लहान असतानाच गेली. मी एका धुलाईखान्यात कामाला होते. हिवाळ्यात काम कमी, मजुरी त्याहून कमी. गिऱ्हाइकाच्या चादरी गहाण टाकायच्या आणि हातात काही आले की सोडवून आणायच्या, हे तिथे आम्ही सगळ्याच करत असू. माझ्या चादरी काही वेळा सुटल्या नाहीत. तीन वेळा तुरुंगात गेले. चौथ्या वेळी न्यायाधीश म्हणाले, ही सुधारायची नाही, हिला समुद्रापार पाठवा, आणि जन्मभरासाठी पाठवा. मी चोवीस वर्षांची होते. मला वाटले, चादरींसाठी एवढे लांब कोण पाठवते, मध्येच कुठेतरी उतरवतील.

बोटीवर आम्ही बायका खालच्या तळाला. खलाशी आम्हांला "नवऱ्या मुली" म्हणून हाका मारत. आम्ही समजलो, थट्टा करतात. थट्टा नव्हती. वसाहतीत जमीन मिळालेल्या कैद्यांना बायका हव्या होत्या, आणि त्यासाठीच आम्हांला नेत होते.

इथे आल्यावर ननांच्या मठात ठेवले. तिथे सिस्टर आनिएस यांनी मला नीट लिहायला शिकवले. त्या कधीच गेल्या. हे अक्षर वाचता येत असेल तर ते त्यांच्यामुळे.

कलम दुसरे : माझे पती इझिदोर लाकाझ

यांस काहीही मिळू नये.

ते जिवंत आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. कायद्याने मी अजून त्यांची बायको आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

मठाच्या बागेत एक छत्री होती, म्हणजे खांबांवर नुसते छप्पर, चारी बाजूंनी उघडे. जमीनवाले कैदी तिथे ओळीने येत आणि आमच्यातली एकेक जण समोर बसे. मध्ये सिस्टर विणकाम घेऊन बसायच्या. इझिदोर आला तेव्हा त्याने टोपी मांडीवर ठेवली आणि विचारले, "स्वयंपाक येतो?"

"येतो. तुम्हांला काय येतं?"

"झाडं तोडता येतात."

"आणि माणसं?"

"एकच. तेही दारूच्या नशेत."

सिस्टर विणकामातून मान वर न करता म्हणाल्या, "हवापाण्याचं बोला."

मग तो म्हणाला, हवा वाईट आहे आणि पाणी त्याहून वाईट आहे. मला हसू आले. तेवढ्यावर लग्न ठरले. देवळात त्या दिवशी आमच्यासारखी आणखीही जोडपी उभी होती. फादरनी सगळ्यांना एकदमच आशीर्वाद दिला.

माणूस वाईट नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला त्याला जमिनीचा तुकडा मिळाला होता, तिथे त्याने लाकडी घर उभे केले. आम्ही कसाव्याचे कंद लावले, कोंबड्या पाळल्या. पहिला मुलगा बातिस्त. तो एक पावसाळा जगला. त्याला फादरनी गावाच्या दफनभूमीत जागा दिली, कारण पोराने काही गुन्हा केला नव्हता. मग मार्त झाली. मार्त सहा वर्षांची होती तेव्हा एका संध्याकाळी इझिदोर म्हणाला, "झेली, घरात असतील तेवढी अंडी उकडून ठेव. उद्या लाकडं तोडायला लांब जायचंय. दोन-तीन दिवस लागतील."

मी सगळी अंडी उकडली. मिठाची पुडी वेगळी बांधली. पाव धुतलेल्या फडक्यात गुंडाळला. मार्तने एक अंडे मागितले, तर मी तिच्या हातावर चापट मारली. "बाबांना लागतील," म्हटले.

पहाटे तो गेला. लाकडे तोडायला गेला नव्हता, होडीने पलीकडच्या डच काठावर गेला होता. परत आला नाही. निरोप नाही, बोलावणे नाही. कित्येक वर्षांनी एका नावाड्याने सांगितले, की डचांच्या पारामारिबो शहरात त्याची पावाची भट्टी आहे, दुसरी बायको आहे, मुलेही आहेत, आणि तो चांगला जाडा झाला आहे.

मी विचारले, "दाढी आहे का अजून?"

"नाही."

"बरं केलं. पिठात पडली असती."

फादर म्हणतात, मृत्युपत्रात त्याला क्षमा केल्याचे लिहा, मन हलके होईल. मी विचार केला. त्याने ती मागितलेली नाही. न मागता नेऊन द्यायची कोणाकडे? पारामारिबो लांब आहे आणि माझे पाय सुजतात. तेव्हा त्याबद्दल काही लिहीत नाही.

कलम तिसरे : अमार बेन साइद

जमीन नवऱ्याच्या नावावर होती. तो पळाला म्हणून सरकारने ती परत घेतली. पण त्याआधी, तो गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, दारात एक उंच, वाळका माणूस येऊन उभा राहिला. अंगावर कैद्याचे कपडे नव्हते. म्हणजे शिक्षा संपलेला. संपलेला म्हणायचे, कारण मोठी शिक्षा असली तर ती संपल्यावरही वसाहत सोडता येत नाही. तो अल्जीरियाच्या डोंगरातला. तिथे अंजिराच्या बागेच्या पाण्यावरून दोन घरांत वैर होते, त्यात त्याच्या हातून एक खून झाला. इथे तो मासे धरायचा.

तो म्हणाला, "बाई, तुझा नवरा माझी होडी घेऊन गेला."

"मग त्याच्याकडं माग."

"तो आहे कुठं?"

"तुझ्या होडीत."

मला वाटले, आता आरडाओरडा करणार. पण तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "खायला काही आहे?"

मी म्हटले, "अंडी होती."

तेव्हा तो असा हसायला लागला, की मार्त घाबरून माझ्या मागे लपली. मग मीही हसले, आणि हसता हसता रडले. त्याने माझ्याकडे पाठ फिरवून नदीकडे पाहत बसण्याचा भलेपणा केला.

आम्ही मायलेकी गावात आलो. मी अधिकाऱ्यांचे पांढरे कपडे धुवायला घेतले. पाणी अमार आणायचा. नदीचे पाणी गढूळ, त्यात पांढरा कपडा लाल होतो, म्हणून तो लांबच्या विहिरीवरून कावडीने आणायचा. कसाव्याची खळ त्यानेच गाळून दिली. दुसऱ्या होडीसाठी लाकूड जमवले होते, ते त्याने माझ्या छपराला वापरले. मी म्हटले, "होडीचं काय?" तर म्हणाला, "होडी केली तर पुन्हा कुणाचा तरी नवरा घेऊन जाईल."

मागच्या अंगणात त्याने स्वतःची झोपडी बांधली. तो तिथे राहतो, तिथे नमाज पढतो, तिथे कॉफी करतो. आमच्याबद्दल लोक बोलतात. पस्तीस वर्षे बोलूनही त्यांचे समाधान झालेले नाही. मी इथे त्यात भर घालत नाही.

कलम चौथे : घर

माझ्या मालकीचे राहते घर. पूर्वेस हो आ-युन यांचे किराणा दुकान. पश्चिमेस पडीक जागा व तीतले आंब्याचे झाड (झाड माझे नाही, पण फांद्या माझ्या बाजूला येतात, आंबे आम्ही खातो, कोणाची हरकत आलेली नाही). दक्षिणेस रस्ता. उत्तरेस नदीकडे जाणारी पायवाट. येणेप्रमाणे चतुःसीमेतील घर, मागचे अंगण, कपडे वाळवण्याचे खांब व दोऱ्या यांसह, माझे पश्चात माझी मुलगी मार्त हिच्या मालकीचे व्हावे.

मात्र अमार बेन साइद यास मागच्या अंगणात हयातभर राहण्याचा हक्क राहील. त्याला कोणी काढू नये. त्याची चूल हलवू नये. घर विकायचे झाल्यास त्याच्यासकट विकावे, आणि असे घेणारा कोणी मिळाला नाही तर तो जाईपर्यंत थांबावे. मार्त, हे खास तुझ्यासाठी लिहिते आहे. तू त्याला "तो अरब" म्हणतेस. त्याचे नाव अमार आहे. तुझे पहिले बूट त्याने आणले होते. तुला ते आवडले नव्हते, हेही मला आठवते.

कलम पाचवे : धंद्याचे सामान

कोळशाच्या इस्त्र्या, तांब्याचे घंगाळ, धुण्याच्या फळ्या, निळीचा डबा व मोठ्या टोपल्या माझ्याकडे काम करणाऱ्या ओफेलीला द्याव्यात. मोठ्या इस्त्रीचे झाकण ढिले आहे, निखारा उडतो. ओफेलीला ठाऊक आहे, तिच्या दंडावर खूण आहे. गिऱ्हाइकेही तिचीच. वेगळे सांगायला नको, गेली काही वर्षे कॉलर तीच करते आणि शाबासकी मी घेते.

मॅडम प्युजोल, कैद्यांवरच्या निवृत्त शिपायाच्या पत्नी, यांस एक टेबलक्लॉथ. नवा, माझ्याकडचा, कडेला विणकाम केलेला. खळ घालून, इस्त्री करून, घडी मोडू न देता त्यांच्या घरी पोचवावा. याचे कारण त्यांना माहीत आहे. पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. पूर्वी एकदा त्यांचा टेबलक्लॉथ हरवला. त्या माझ्या दारात आल्या आणि भर रस्त्यात म्हणाल्या, "सवय जात नाही ना?" माझे कपाट उघडून पाहिले. मार्त तेव्हा आत अभ्यास करत होती. पुढे तो टेबलक्लॉथ त्यांच्याच पेटीत तळाशी मिळाला. मला हे कळले कारण तो पुन्हा माझ्याकडेच धुवायला आला. त्यांनी त्यावर काही म्हटले नाही. मीही धुऊन दिला.

कलम सहावे : मार्त

हे कलम लांबेल. नोटरीसाहेबांनी माफ करावे.

मार्त ननांच्या शाळेत जायची. तिथे शिपायांची पोरे तिला "चोरटीची पोर" म्हणत. एके दिवशी ती घरी आली, दप्तर खाली ठेवले आणि विचारले, "आई, तू खरंच चोरी केलीस?"

"केली."

"काय चोरलंस?"

"चादरी."

"कुणाच्या?"

"आता आठवत नाही गं."

ती म्हणाली, "निदान ते तरी लक्षात ठेवायचं होतंस."

अठराव्या वर्षी ती गयानाच्या राजधानीत, केयेनला गेली, एका घरी शिवणकाम करायला. हुशार, देखणी, बोलणे स्वच्छ. जकातखात्यातल्या देल्व्हो नावाच्या कारकुनाने तिला मागणी घातली. ती मला सांगायला आली तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसली होती. हातमोजे काढले नव्हते.

"आई, मी त्यांना सांगितलंय की माझे आईवडील नोकरीसाठी इकडं येत होते आणि बोटीवरच तापानं गेले."

"दोघंही?"

"दोघंही."

"एकत्र गेलो म्हणायचं. तेवढं तरी जमलं आम्हांला."

ती हसली नाही. मी म्हटले, "कर लग्न. मी काही येत नाही तिकडं." अमार अंगणातून ऐकत होता. ती गेल्यावर म्हणाला, "तू जिवंतपणी मेलीस, आणि वर तिला कॉफी पाजलीस." त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

पुढे तिची मुलगी सोलांज पाच वर्षांची असताना फार आजारी पडली. मार्तचा निरोप आला, ये. मी गाव सोडायची परवानगी काढून गेले. दारातच ती हळू म्हणाली, "मी सगळ्यांना माझी मावशी येतेय म्हणून सांगितलंय." बरे, मावशी तर मावशी. पोरीचा ताप उतरेपर्यंत मी तिच्या उशाशी बसले. ती मला मावशीआजी म्हणू लागली. मग तिला सोडून जाववेना, म्हणून तो पावसाळा तिथेच काढला.

एका संध्याकाळी घरी पाहुणे जेवायला होते. जावयाचे वरिष्ठ, त्यांच्या बायका. मी टेबलाच्या शेवटी. एका बाईने अगदी प्रेमाने मला विचारले, "तुमची बहीण, म्हणजे मार्तची आई, कशी होती हो? बिचारी किती तरुण गेली."

मार्तचा चमचा थांबला.

मी म्हटले, "साधी होती. फार बोलायची नाही. मुलीवर तिचा फार जीव होता."

"आणि दिसायला?"

"मार्तच्या पासंगालाही पुरायची नाही."

सगळे हसले. मार्त उठली, पाव आणते म्हणून आत गेली. पाव टेबलावरच होता. ती बराच वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हटले, कपड्यांची गिऱ्हाइकं खोळंबलीत, मला जायला हवं. तिने मला थांब म्हटले नाही. धक्क्यावर मात्र तिने माझ्या शालीची गाठ नीट केली. थोडी जास्तच आवळली.

त्यानंतरची सगळी वर्षे अशीच. नाताळला एक खोका यायचा. कापड, चॉकलेट, वर "मावशीस". मी तो खोका फुटेपर्यंत निळीसाठी वापरायची. राग होता का? होता. पहिले मृत्युपत्र मी त्याच रागात केले होते. त्यात मला मुलगी नाही, असे लिहिले होते. तिलाही बरे पडेल, मलाही, असे तेव्हा वाटले.

गेल्या पावसाळ्यात मला तापाने धरले. अमारने मला कपड्यांच्या हातगाडीवर घालून इस्पितळात नेले आणि हो आ-युनला केयेनला तार करायला लावली. मजकूर अमारचा : "यायचं असेल तर आत्ता या."

बायकांच्या वॉर्डात माझी खाट खिडकीपाशी. दोन खाटा सोडून मॅडम प्युजोल, पायाला जखम झाली म्हणून पडलेल्या. मला बोलता येत नव्हते, डोळे उघडायची ताकद नव्हती, पण कानांना ताप चढत नाही. दारात बुटांचा आवाज आला. मी ओळखला. ती लहानपणापासून उजवा पाय जोरात टाकते.

नवीन आलेल्या सिस्टर म्हणाल्या, "बाहेरच्यांना आत सोडत नाही. आपण यांच्या कोण?"

मला वाटले, भाची म्हणेल. म्हणू दे, येऊन बसली म्हणजे झाले.

तेवढ्यात मॅडम प्युजोलचा आवाज, "अगंबाई, देल्व्होबाई! तुम्ही इकडं कुठं?" त्या केयेनला जाऊन-येऊन असत, माझ्या जावयाच्या घरी त्यांचे पान मांडले जायचे; पण परटिणीची ती पोर हीच, हे त्यांनी कधी ओळखले नव्हते.

सिस्टरनी पुन्हा विचारले, "कोण आपण?"

"मुलगी," मार्त म्हणाली.

"कोणाची?"

"यांची. मी यांची मुलगी. ही माझी आई आहे."

मॅडम प्युजोलची खाट करकरली. "पण तुमची आई तर बोटीवर..."

"ती ही," मार्त म्हणाली. "जरा सरका सिस्टर, मला खुर्ची घेऊ द्या."

ती बसली. माझे हात तिने मांडीवर घेतले. निळीने माझी नखे कायमची निळसर झाली आहेत. ती तिने एकेक करून कापली. मी डोळे मिटूनच ठेवले. उघडले असते तर तिला काहीतरी बोलावे लागले असते, मलाही, आणि आम्हां दोघींना ते कधीच नीट जमलेले नाही.

मी बरी होऊन घरी आले तेव्हा जाण्यापूर्वी तिने विचारले, "आई, मी आले त्या दिवशी तू शुद्धीवर होतीस का?"

"नव्हते," मी म्हटले.

"बरं," ती म्हणाली.

मार्त, मी शुद्धीवर होते. सगळे ऐकले.

कलम सातवे : सोलांज

माझी नात सोलांज देल्व्हो हिला, मठातून लग्नात मिळालेला आरसा, कॉफीचे निळे वाडगे आणि माझी जाड शाल.

आईच्या इस्पितळातल्या त्या एका शब्दाची किंमत तिने भरली, म्हणून हे लिहिणे जरुरीचे आहे. मॅडम प्युजोल बऱ्या होऊन केयेनला गेल्या, आणि महिन्याभरात गावभर झाले. जावई कितीतरी दिवस आपल्या खोलीत जेवला. पुढे पुन्हा टेबलाशी येऊन बसला, पण त्यावर एक शब्द बोलला नाही, आणि अजूनही बोलत नाही, असे कळते. सोलांजचे लग्न एका डॉक्टरच्या मुलाशी ठरले होते. मुलाच्या आईने ते मोडले.

ईस्टरनंतर पोर एकटीच बोटीने इथे आली. दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, टोपी वाऱ्याने वाकडी झालेली.

"मोडलं," म्हणाली. "बरंच झालं. तो बोलता बोलता सारखं नाक ओढायचा."

खरेच बरे झाले असते, तर ती एवढ्या लांब सांगायला आली नसती. तिला बसवले, भात आणि मासे वाढले. अमारने मिरची जास्त घातली होती, म्हणून तिला डोळे पुसायला निमित्त मिळाले.

जेवण झाल्यावर म्हणाली, "आता तुला काय म्हणू? मावशीआजी, की आजी?"

"तुझ्या जिभेला सवय कशाची?"

"मावशीआजीची."

"मग तेच म्हण. पोरी, तुझ्या आईवर रागावलीस का?"

"रागावले होते. तिला म्हटलं, तुला मावशी म्हणता आलं नसतं का आणखी एकदा? तर म्हणाली, नाही आलं. बस, एवढंच."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. तिचे केस विंचरून दिले."

ती आठवडाभर राहिली. दोऱ्यांवर कपडे वाळत घालताना तिने माझ्याकडून सगळे काढून घेतले. चादरी, बोट, छत्रीतले ते हवापाणी, अंडी. अंड्यांपाशी ती हसली, आणि मग तिने विचारले, "आईला एकही दिलं नाहीस?" हे तिच्या आईने तिला कधी सांगितले नव्हते. मी म्हटले, "नाही दिलं." सध्या ती केयेनच्या शाळेत लहान मुलांना शिकवते. तिचे कोठे जमले तर उत्तम, नाही जमले तर तिला कोणी टोचू नये.

कलम आठवे : दफन

कैदी म्हणून आलेल्यांना गावाबाहेर बांबूंखाली पुरतात. नाव नसते, खूण नसते. मला गावाच्या दफनभूमीत, माझा मुलगा बातिस्त याच्या शेजारी ठेवावे, अशी इच्छा आहे. फादर म्हणाले, वर विचारून बघू. नाहीच जमले तर कोणी वाद घालू नये. बांबूंखाली सावली चांगली असते.

अंगावर इस्त्री केलेला कपडा घालावा. ओफेलीने करावा. कॉलर मीच केली असे या वेळी कोणी म्हणणार नाही.

आता फ्रान्सहून कैद्यांच्या बोटी येणार नाहीत, असे ऐकते. ऐकून फार काही वाटले नाही. ज्यांना यायचे ते येऊन गेले. त्यातले आम्ही थोडे उरलो आहोत, तेही आटपत आलो.

मार्तला तार करावी. ती आली तर तिला सर्वांत पुढे उभी करावी, आणि आपण कोण असे कोणी विचारले तर उत्तर तिचे तिला देऊ द्यावे, मध्ये बोलू नये. बोटीचा नेम नसतो. उशीर झाला तर तिच्यासाठी फार खोळंबू नये. सकाळीच उरकावे. अमारला आता उन्हात उभे राहवत नाही.

साक्षीदारांविषयी

ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे नोटरीसाहेबांनी सांगितले. हे मी अमारला सांगितले, तर तो चिडला. म्हणाला, "पस्तीस वर्षं कोण होतं इथं? हा दुकानदार? मग मला अंगण नको, काही नको, मला सही करू दे."

मी म्हटले, "तुला सही करता येत नाही."

"अंगठा करीन."

शेवटी त्याला समजावले, की अंगण घे आणि आलेल्यांना कॉफी दे. तो कॉफी करतो आहे. भांडी आपटल्याचा आवाज येतो आहे.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचून पाहिले. काही ठिकाणी जास्त झाले आहे, पण खोडत नाही.

मुक्काम सें-लोराँ, मारोनीकाठ.
दिनांक ११ ऑक्टोबर १९३८.

सही :
झेली मोर्वां, लग्नानंतर लाकाझ

आमच्यासमक्ष बाईंनी सही केली.

साक्षीदार :

१. हो आ-युन, किराणा व्यापारी, शेजारी (सही त्यांच्या लिपीत)

२. सिस्टर क्लोतील्द, इस्पितळ, बायकांचा वॉर्ड. मार्तबाईंना "आपण कोण" असे विचारणारी मीच.